दवबिंदू नागपुरात घरी वाढवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्याकडून दवबिंदूचं, म्हणजे या किडे खाणाऱ्या झाडाचं, रोप नेणाऱ्यांचे बहुतेक निरोप किड्यांबद्दल असतात: काय खाऊ घालू, किती घालू, खात का नाही. पण नागपुरातली रोपं उपासमारीनं जात नाहीत. निम्मी चुकीच्या पाण्यानं जातात आणि उरलेली मे महिन्यात. म्हणून रोप नुकतंच घरी आलं असेल तर आधी प्रश्न ४ आणि ८ वाचा. किडे थांबतील.

१. दवबिंदू म्हणजे ते मिटणारं व्हीनस फ्लायट्रॅपच ना? याचं तोंड कुठं आहे?

तोंड नाही. दोघं एकाच कुळातले, ड्रॉसेरेसी कुळातले, पण पकडण्याची रीत वेगळी. फ्लायट्रॅपचं पान सापळ्यासारखं मिटतं. दवबिंदूच्या, म्हणजे ड्रॉसेराच्या पानावर लाल केस असतात आणि प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट द्रवाचा थेंब. किडा चिकटला की आजूबाजूचे केस त्याच्यावर वाकतात, काही जातींत आख्खं पान गुंडाळतं. मग त्याच केसांमधून पाचक रस सुटतो.

जगात याच्या दोनशेच्या आसपास जाती आहेत. भारतात मुख्यतः तीन सांगितल्या जातात: इंडिका, बर्मानी आणि पेल्टाटा. पावसाळ्यात साताऱ्याजवळच्या कास पठारावर गेलात तर फुलांकडे बघता बघता पायाखाली पाहा, तिथं हे गवतात बसलेले असतात. जिथं जमिनीत नत्र आणि स्फुरद जवळजवळ नाही अशाच जागी ते वाढतात. किड्यांकडून ते हेच मिळवतात. बाकी अन्न इतर झाडांसारखं उन्हातच तयार होतं.

२. नागपूरच्या गरमीत हे जगतं का? कोणती जात घ्यावी?

जगतं, पण जात बघून.

पहिलं रोप म्हणून केपेन्सिस घ्या. हे दक्षिण आफ्रिकेतल्या केप भागातलं. पानं लांब पट्टीसारखी, चुका पोटात घालणारं, वरून वाळलं तरी मुळातून पुन्हा फुटणारं. मे महिन्यात त्याला जपावं लागतं, बाकी अकरा महिने त्रास नाही. स्पॅट्युलाटाही सोपं. लहान, गुलाबाच्या पाकळ्यांसारखी जमिनीलगत पसरणारी पानं.

आपल्याच हवेचं हवं असेल तर बर्मानी. रुपयाच्या नाण्याएवढं, उष्णता सहन करणारं आणि दवबिंदूंमध्ये चपळ. कडेचे लांब केस काही सेकंदांत आत वळतात. आयुष्य मात्र थोडं: फुलतं, बी टाकतं, मरतं. इंडिकाचंही तसंच.

उत्तर ऑस्ट्रेलियातला पेटिओलॅरिस गट ऐन उन्हाळ्यात खुलतो, पण महाग असतो आणि थंडीत रुसतो. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी बघा. क्वीन्सलँडच्या पावसाळी जंगलातलं अॅडेली सावली आणि ओल मागतं. बाथरूमच्या खिडकीत बरं राहतं.

रोटंडिफोलिया घेऊ नका. युरोप-अमेरिकेच्या थंड दलदलीतलं आहे, त्याला बर्फाळ हिवाळ्याची झोप लागते. ती झोप नागपुरात कुठून आणणार? फोटो सुंदर असतात म्हणून लोक मागवतात आणि जूनमध्ये आम्हाला विचारतात.

३. रोप कुठून आणि केव्हा घ्यावं? कासला जाणार आहे, तिथून एखादं आणू का?

आणू नका. तिथं उपटायला मनाई आहे, आणि तिथली वर्षायू रोपं पिशवीत घरी पोचतात ती मरायलाच. बी पडायच्या आत रोप उचललं तर पुढच्या वर्षीचंही गेलं.

घरी वाढवणाऱ्यांकडून किंवा नर्सरीतून घ्या. ऑनलाइन मागवायचं असेल तर जुलै ते सप्टेंबर किंवा दिवाळीनंतर. एप्रिल-मेमध्ये कुरिअरच्या गाडीत काय होतं ते आपण ओळखून आहोत. परदेशातून रोप किंवा बी मागवायला आयात परवाना आणि तिकडचं रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र लागतं, २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशानुसार. पाकिटावर "गिफ्ट" लिहून येणारं बी त्यात बसत नाही.

खोकं उघडल्यावर थेंब नसतील तर घाबरू नका. आठवडाभर उजेडात पण थेट उन्हाबाहेर ठेवा, नंतर हळूहळू उन्हात. तोवर खायला काही नाही.

४. भाऊ, नळाचं पाणी टाकून राहिलो तर काय होते? घरी आरओ आहे, ते चालेल का?

इथंच सगळं ठरतं. ही झाडं क्षार नसलेल्या ओलीत वाढलेली आहेत. पाण्यातले क्षार कुंडीत साचत जातात आणि मुळं जळतात. एका दिवसात नाही, दोन-तीन महिन्यांत, त्यामुळे लोकांना कारण कळत नाही. पाण्याचा टीडीएस, म्हणजे त्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, ५० च्या आत हवा, १०० पर्यंत काही काळ निभावतं. दोन-तीनशे रुपयांचं टीडीएस मीटर घ्या. रोपाइतकंच ते गरजेचं आहे.

आता एकेक पाणी.

पावसाचं: सर्वांत उत्तम. पहिल्या एक-दोन सरींनी गच्ची धुऊन जाऊ द्या, मग प्लास्टिकच्या ड्रममध्ये भरा आणि झाकण घट्ट लावा. सिमेंटच्या टाकीत नको, चुना उतरतो. नागपुरात वर्षाला हजार-अकराशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर. साठवलंत तर उन्हाळ्यापर्यंत पुरतं.

आरओचं: मोजून बघा. घरगुती मशीनमध्ये चव यावी म्हणून थोडं कच्चं पाणी किंवा खनिजं मिसळलेली असतात, त्यामुळे कुणाकडे ३० येतो, कुणाकडे १५०. मशीन दुरुस्तीवाला टीडीएस कमी करून देतो. आरओच्या नळीतून बाहेर पडणारं टाकाऊ पाणी मात्र अजिबात नाही, त्यात सगळे क्षार गोळा झालेले असतात.

एसीचं: चालतं. हवेतली वाफ गारठून झालेलं पाणी, क्षार जवळजवळ नसतात. सीझनच्या सुरुवातीचं धुळीचं पाणी ओतून द्या.

कूलरच्या टाकीचं: नाही. एसीचं चालतं म्हणून हेही चालेल असा समज इथं फार आहे. कूलरमध्ये पाणी उडून जातं आणि क्षार टाकीत उरतात. जाळीवरचा पांढरा थर हा त्याचाच.

बॅटरीत टाकायचं डिस्टिल्ड वॉटर: चालतं, पेट्रोल पंपावर मिळतं. दुकानात नीट सांगून घ्या, शेजारीच बॅटरीचं अॅसिडही ठेवलेलं असतं.

नळाचं आणि बोअरचं: नळाचं पेंच-कन्हानचं पाणी पिण्याला छान, या झाडाला जड. बोअरचं तर विचारूच नका. अडचणीच्या दिवशी एकदा नळाचं टाकलं तर रोप मरत नाही, कोरडं पडलं तर मरतं.

५. माती कोणती? गांडूळखत किती टाकू?

माती नाही आणि खत तर नाहीच. गांडूळखत, शेणखत, डीएपी, चहाचा चोथा, यांतलं काहीही कुंडीत गेलं की मुळं संपली.

दोन भाग पीटमॉस (दलदलीतल्या शेवाळाचा चुरा) आणि एक भाग परलाइट (हलके, पांढरे, फुगवलेले खडे), एवढंच. पीटमॉस मिळालं नाही तर चांगलं लांब धाग्याचं स्फॅग्नम मॉस. पीटमॉसची खतमिश्रित पाकिटंही येतात, ती घेऊ नका. कोकोपीट स्वस्त आहे, पण त्यात मीठ असतं. चार-पाच वेळा चांगल्या पाण्यात भिजवून, पिळून, निथळलेल्या पाण्याचा टीडीएस खाली आल्यावरच वापरा.

परलाइटऐवजी कन्हानची रेती चालेल का, असं बरेच जण विचारतात, कारण बांधकामाची उरलेली घराघरात असते. चाळून जाड कण घ्या, पाणी नितळ येईपर्यंत धुवा आणि थोड्या रेतीवर व्हिनेगर टाका. फेस आला तर चुना आहे, ती नको. फेस नाही आला तर चालेल.

६. कुंडी मातीची घेऊ की प्लास्टिकची? पाणी रोज वरून घालायचं का?

प्लास्टिकची, दहा सेंटिमीटर खोल, खाली भोकं असलेली. मातीच्या कुंडीतून क्षार झिरपतात. कुंडी ताटात ठेवायची आणि ताटात एक-दोन सेंटिमीटर पाणी कायम ठेवायचं. वरून पाणी घातलं की थेंब धुतले जातात, परत यायला दिवस-दोन दिवस लागतात. महिन्यातून एकदा मात्र वरून भरपूर पाणी ओतून साचलेले क्षार खालून काढून टाका.

७. ऊन किती लागतं? हॉलमध्ये टीपॉयवर ठेवता येईल?

टीपॉयवर चार दिवस पाहुण्यांना दाखवायला ठेवा, राहायला नाही. केपेन्सिस, स्पॅट्युलाटा, बर्मानी यांना रोज चार-पाच तास थेट ऊन हवं. पूर्वेची खिडकी किंवा गॅलरी सर्वांत चांगली. ऊन नसेल तर पांढरा एलईडी वीस-पंचवीस सेंटिमीटरवरून रोज चौदा तास. पान हिरवंगार आणि लांबुडकं झालं तर उजेड कमी पडतोय. केपेन्सिसचा पांढऱ्या फुलाचा आल्बा प्रकार याला अपवाद, तो कितीही उन्हात लाल होत नाही.

८. मे महिन्यात काय करायचं? नवतप्यात पारा पंचेचाळीसवर जाते.

हवेच्या पंचेचाळीसपेक्षा कुंडी किती तापते हे महत्त्वाचं. गच्चीच्या फरशीवर काळी कुंडी आणि तिच्याखाली इंचभर पाणी ठेवलं तर दुपारी दोनला मुळं अक्षरशः उकडतात. पानं काही वेळ टिकतील, मुळं टिकत नाहीत.

एप्रिलच्या मध्यावर रोपं गच्चीवरून खाली आणा. पूर्वेच्या खिडकीत सकाळी नऊ-साडेनऊपर्यंत ऊन, त्यानंतर फक्त उजेड. गच्चीशिवाय जागाच नसेल तर पाऊणशे टक्क्यांची ग्रीन नेट बांधा आणि कुंडी फरशीपासून उचलून विटेवर किंवा स्टँडवर ठेवा. पांढरी कुंडी घ्या. काळी असेल तर मोठ्या पांढऱ्या कुंडीत बसवून मधल्या फटीत ओलं मॉस भरा. ताटातलं पाणी दुपारी हाताला गरम लागलं तर ओतून द्या आणि संध्याकाळी प्रश्न ४ मधलंच चांगलं, गरम नसलेलं पाणी भरा. बर्फाचे खडे टाकू नका, एकदम गार-गरम होणं त्याहून वाईट.

या दिवसांत वाढ थांबते, पानं आखूड येतात, थेंब नाहीसे होतात. होऊ द्या. कुंडी बदलू नका, खाऊ घालू नका, फुलाचा दांडा आला तर कापून टाका.

काचेची बंद बरणी या काळात उन्हात ठेवूच नका. ओल टिकावी म्हणून लोक रोप बरणीत घालतात आणि खिडकीतल्या तासाभराच्या उन्हात त्याची भाजी होते.

९. कूलरसमोर ठेवलं तर?

समोर नाही, बाजूला. कूलरची खोली नागपुरात याच्यासाठी उन्हाळ्यातली सर्वांत चांगली जागा आहे: गारवाही आणि ओलही. पण झोतात थेंब सुकतात आणि कडक पाण्याचे बारीक शिंतोडे पानांवर बसतात. त्याच खोलीत, झोताबाहेर, उजेडाच्या खिडकीत ठेवा. दिवसभर कूलर बंद आणि रात्रीच चालू असेल तर फारसा उपयोग नाही.

१०. पानं आहेत, केस आहेत, पण थेंबच नाहीत. मेलं का?

नाही. नवीन पान उलगडतंय ना ते बघा, उलगडत असेल तर रोप ठीक आहे. थेंब जाण्याची कारणं साधारण याच क्रमानं तपासा: उजेड कमी, हवा फार कोरडी, नुकतीच कुंडी बदललेली, पाण्यात क्षार, किंवा कोणीतरी दिवसभर बोट लावून बघतंय. घरात लहान मुलं असतील तर शेवटचं आधी तपासा. पानांवर स्प्रे मारल्यानं थेंब येत नाहीत, उलट उरलेले जातात.

११. खायला नेमकं काय आणि किती द्यायचं?

गॅलरीत ठेवलेलं रोप स्वतःचं बघून घेतं. पिकलेल्या केळ्याची किंवा संत्र्याची साल एक दिवस शेजारी ठेवली तर चिलटं येतात आणि तेवढी पुरतात. घराच्या आत, काचेमागे असेल तरच हातानं द्यायचं.

मत्स्यालयाच्या दुकानात फायटर माशाचे दाणे मिळतात. एक दाणा पाण्याच्या थेंबात मऊ करा, कुस्करा आणि टाचणीच्या डोक्याएवढा कण चिमट्यानं पानावर मधोमध ठेवा. वाळवलेले ब्लडवर्म (माशांना घालतात त्या लाल अळ्या) हेही चांगले, एका पानाला अर्धा पुरे, ओला करून. नवीन, थेंबांनी भरलेली एक-दोन पानंच निवडा. दोन-तीन आठवड्यांतून एकदा.

मेलेलं अन्न चालतं. स्पर्श झाला की केस वाकायला लागतात, पण पुढचं काम ते पदार्थाच्या रसायनांवरून ठरवतात. म्हणून रेतीचा कण टाकला तर केस थोडे हलतात आणि लवकरच परत सरळ होतात. चार्ल्स डार्विननं काचेच्या तुकड्यापासून कच्च्या मांसापर्यंत कितीतरी गोष्टी या पानांवर ठेवून पाहिल्या आणि १८७५ मध्ये ते सगळं छापलं. त्याचा मुलगा फ्रान्सिस यानं १८७८ मध्ये दाखवलं की खाऊ घातलेल्या रोपांना न घातलेल्यांपेक्षा जास्त फुलं आणि बरंच जास्त बी येतं. तेव्हा खाण्याचा फायदा नक्की आहे. पण रोपाला आधी निरोगी मुळं हवीत. आजारी रोपाला ताकद यावी म्हणून खायला घालणं सर्रास होतं आणि त्यानं पान कुजण्यापलीकडे काही होत नाही.

बियांपासून आलेल्या बारीक रोपांना मात्र कुस्करलेल्या दाण्याची पूड खरंच लागू पडते.

१२. मटणाचा तुकडा, दूध, वरण-भात, झुरळ?

मटण आणि चिकन चरबीमुळे सडतं, बुरशी येते. सावजी तर नाहीच, मसाल्याचं कोणतंच अन्न नाही. भात आणि वरण त्याच्या उपयोगाचं नाही. झुरळ किंवा मोठी माशी पानापेक्षा मोठी असते, किडा पचायच्या आत पान काळं पडतं. पानाच्या रुंदीच्या निम्म्याहून मोठं काहीही नको.

१३. आमचं घर शाकाहारी आहे. आईंना हे किडे मारणं पटत नाही. काही उपाय?

काही घालूच नका. चांगल्या उजेडात रोप वर्षानुवर्षं हिरवं राहतं, फक्त वाढ संथ होते. माशांच्या दाण्यातही मासळीच असते, त्यामुळे तो पर्याय म्हणून सांगण्यात अर्थ नाही. गॅलरीत ठेवलंत तर मात्र ते आईंना विचारायला थांबणार नाही, हे त्यांना आधीच सांगून ठेवा.

१४. डास कमी होतात का? चार-पाच कुंड्या ठेवल्या तर?

नाही. एखाद-दुसरा डास सापडतो, पण डास तुमच्या श्वासाकडे येतात, कुंडीकडे नाही. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी मारबतीच्या पुतळ्याच्या मिरवणुकीत "डास-ढेकणं घेऊन जा गे मारबत" म्हणणंही साधारण तितकंच गुणकारी.

उलट धोका आहे. ताटातल्या साचलेल्या पाण्यात डास अंडी घालतात आणि आठ-दहा दिवसांत नवी पिढी उडते. पावसाळ्यात डेंग्यूच्या तपासणीला येणारे कर्मचारी आधी कुंड्यांची ताटंच बघतात, आणि बरोबर करतात. दर पाच-सहा दिवसांनी ताट पूर्ण रिकामं करा, कडा घासा, पुन्हा भरा.

१५. किडा बसला पण पान गुंडाळत नाही. खराब निघालं का?

जातीवर आहे. केपेन्सिसचे केस काही मिनिटांत वाकतात, पान गुंडाळायला काही तास ते आख्खा दिवस लागतो. बर्मानीबद्दल प्रश्न २ मध्ये आहे. व्हिडिओत दिसणारा तो झटका बहुतेक ऑस्ट्रेलियातल्या ग्लँड्युलिगेराचा असतो. त्याचे बाहेरचे केस सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही कमी वेळात आपटतात. अॅडेलीचं पान गुंडाळतच नाही. पचन झाल्यावर किड्याचं पोकळ कवच पानावर राहतं, ते काढायची गरज नाही.

१६. पानं काळी पडून राहिली.

खालची, जुनी काळी पडत असतील तर वयानं. कात्रीनं काढा. खाऊ घातलेलंच पान काळं पडलं तर घास मोठा होता. मधला कोंब काळा पडला तर पाणी आणि कुंडीची उष्णता, दोन्ही आजच तपासा, प्रश्न ४ आणि ८.

१७. नवी पानं वेडीवाकडी, बारीक येतात. मधे हिरवे ठिपके हलतात.

मावा. शिकारी झाडाला मावा लागतो याचं सर्वांना आश्चर्य वाटतं, पण मावा बसतो कोवळ्या कोंबात, जिथं अजून डिंक तयार नाही. कुंडीसकट आख्खं रोप चांगल्या पाण्यात एक-दोन दिवस बुडवून ठेवा, आठवड्यानं पुन्हा. रोपाला काही होत नाही. निंबोळी तेल मारू नका, केसांवर तेलाचा थर बसतो.

१८. फुलाचा दांडा आला. कापायचा का?

केपेन्सिसचा कापायची गरज नाही, मे सोडून. गुलाबी फुलं एकेक करून सकाळी उमलतात, आपलंआपण फलन होतं आणि काळं, धुळीसारखं बी पडतं. मात्र ते शेजारच्या सगळ्या कुंड्यांत उगवेल. बर्मानी आणि इंडिकाचं बी तर धरायलाच हवं, कारण रोप जाणार आहे. कागदी पाकिटात घालून फ्रिजमध्ये ठेवा.

१९. एकाची दहा रोपं कशी करायची?

बियांनी: ओल्या पीटमॉसवर नुसतं शिंपडा, झाकू नका, वरून पारदर्शक डबा. दोन ते चार आठवड्यांत हिरवे कण दिसतात. इथं ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा चांगला काळ.

पानानं: निरोगी पान देठासकट ओढून काढा आणि डिस्टिल्ड पाण्याच्या पारदर्शक डबीत तरंगत ठेवा. उजेड हवा, ऊन नको. महिना-दीड महिन्यात पानावरच इवली रोपं फुटतात. केपेन्सिस, स्पॅट्युलाटा, अॅडेली यांना हे जमतं. बर्मानीला बीच बरं.

२०. डिसेंबर-जानेवारीत आत घ्यायचं का?

केपेन्सिसला आपली थंडी आवडते, आठ-दहा अंशांतही बाहेर राहू द्या. पेटिओलॅरिस गट आत घ्या, ताटातलं पाणी काढा आणि कुंडी जेमतेम ओलसर ठेवा. त्याची पानं आटतात, ती झोप आहे.

२१. लग्नासाठी दहा-बारा दिवस गावी जायचंय, तेही मे महिन्यात.

खोल टबात चार-पाच सेंटिमीटर पाणी, त्यात कुंड्या, आणि टब घरातल्या सर्वांत गार पण उजेडाच्या कोपऱ्यात. ऊन अजिबात नको. शेजाऱ्यांना किल्ली दिली असेल तर पाण्याची बाटली भरून नाव लिहून ठेवा, नाहीतर ते आपुलकीनं नळाचं घालतात.

२२. सगळं वाळलं. कुंडी फेकू का?

केपेन्सिस असेल तर वाळलेला भाग जमिनीलगत कापा, कुंडी सावलीत ओली ठेवा आणि पावसाळ्याचे दोन महिने थांबा. जाड मुळांतून बऱ्याचदा फूट येते. बर्मानी असेल तर बी पडलेलं असण्याची शक्यता आहे, कुंडी उकरू नका. ऑगस्ट संपेपर्यंत काही दिसलं नाही तर ते मिश्रण मोगऱ्याच्या कुंडीत मिसळून टाका. दवबिंदूसाठी नवीन भरा.

२३. याच ताटात फ्लायट्रॅप आणि घटपर्णीही ठेवू का?

पाणी तिघांना सारखंच लागतं, पण पद्धत वेगळी. घटपर्णीला ताटात उभं ठेवलं तर मुळं कुजतात, तिला वरून पाणी घालून निथळू द्यावं लागतं. फ्लायट्रॅप ताटात चालतं, पण त्याला तीनेक महिन्यांची थंड झोप हवी आणि नागपूरची थंडी त्यासाठी अपुरी पडते. एक-दोन वर्षं बरं दिसतं आणि मग कमजोर होत जातं. काही जण हिवाळ्यात त्याला फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवतात. ते जमतं, फक्त घरातल्यांना सांगून ठेवा.